लिहायचंय, म्हणून नोकरी आधीच सोडू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्र लिहिणाऱ्या ताई ५६ वर्षांच्या आहेत. एका मोठ्या रुग्णालयात ३१ वर्षं नोकरी झाली. स्टाफ नर्स म्हणून लागल्या, आता मेट्रन आहेत. निवृत्तीला अडीच वर्षं उरली आहेत. लिहिण्याची हौस तरुणपणापासूनची. रुग्णालयाच्या वार्षिक अंकात त्यांचे लेख येतात आणि ‘सिस्टर, तुम्ही पुस्तक लिहा’ असं सगळे म्हणतात. आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन पूर्ण वेळ लिहावं असं त्यांना वाटतं. पती म्हणतात, अडीच वर्षं कळ काढ. मुलगी बाळंतपणानंतर कामावर रुजू होणार आहे आणि आई घरी राहणार म्हणजे बाळाची सोय झाली, असं तिने धरून ठेवलं आहे. ताईंना तीन गोष्टींची धास्ती वाटते : निवृत्तीपर्यंत अंगात त्राण उरणार नाही, आपली भाषा साहित्यिक नाही, आणि ‘मेट्रन हे नाव गेलं की मी कोण?’ पैसे भरले तर पुस्तक काढून देऊ, असं एका प्रकाशकाने कळवलं आहे. त्या विचारतात : राजीनामा देऊ का? आणि या वयात लेखिका होता येतं का? सोबत स्वतः लिहिलेलं एक पान पाठवलं आहे.

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देते. या वयात लेखिका होता येतं. फ्रँक मॅकोर्ट यांनी न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये सुमारे ३० वर्षं शिकवलं. त्यांचं पहिलं पुस्तक, बालपणाच्या आठवणींचं ‘अँजेलाज ॲशेस’, १९९६ मध्ये आलं, तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनीही साठी ओलांडली होती. ही नावं केवळ धीर द्यायला घेत नाही. मॅकोर्ट यांच्या बाबतीतली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. आपल्या बालपणाच्या हकिकती ते वर्गातल्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते. कुठे मुलं कान टवकारतात आणि कुठे चुळबुळ सुरू होते, हे त्यांना पाठ झालं असणार. पुस्तक निवृत्तीनंतर आलं, पण त्याची घडण नोकरीतच चालू होती.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे मी जरा वेगळ्या बाजूने येते. नोकरी आहे म्हणून लिहिणं होत नाही, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. ते खरं आहे का, हे एकदा तपासून पाहा. मेट्रन झाल्यापासून वार्षिक अंकातला लेख सोडला तर काहीच लिहून झालं नाही, असं तुम्ही म्हणता. कामाचा पसारा पाहता ते समजण्यासारखं आहे. मेट्रनला घरी गेल्यावरही फोन सुटत नाही. पण गेल्या वर्षी तुम्ही महिनाभर रजेवर होतात, हे पत्रात ओघात आलं आहे. त्या महिन्यात काय लिहिलं, ते मात्र आलेलं नाही. मी दोष देत नाही. रजेचा महिना कसा जातो हे नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं : तुंबलेली कामं, दवाखाने, पाहुणे, आणि राहिलेली झोप. पण निवृत्तीनंतरचे महिनेही आपोआप वेगळे असतील, असं कशावरून?

अँथनी ट्रॉलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात ३३ वर्षं नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, घड्याळ समोर ठेवायचं आणि दर पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द लिहायचे, असा त्याचा नेम होता. १८६७ मध्ये त्याने नोकरी सोडली, तोवर त्याच्या नावावर ढीगभर कादंबऱ्या जमा होत्या. हे उदाहरण लेखनाच्या वर्गांत नेहमी देतात आणि त्यातली एक बाजू नेहमी सांगायची राहते. त्याला पहाटे उठवायला पगारी माणूस होता आणि घरचं काम त्याच्या अंगावर नव्हतं. तेव्हा त्याचा नेम तुम्ही जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणणार नाही. त्यातलं एवढंच घ्या की लिहिण्याला ठरलेली जागा होती आणि ती मनःस्थितीवर अवलंबून नव्हती.

नोकरीत दिवस आपल्यासाठी कुणीतरी कापून ठेवलेला असतो. राउंड किती वाजता, रजिस्टर कधी बंद करायचं, कोण कुठे वाट पाहतंय, हे ठरलेलं असतं. तुम्ही एक दिवस गेला नाहीत तर कुणाचं तरी अडतं. लिहिताना कुणाचंच अडत नाही. तुम्ही आज पान लिहिलं नाही तर एकही माणूस विचारायला येणार नाही. सेवेच्या कामात आयुष्य गेलेल्या लोकांना निवृत्तीनंतर याचाच सर्वांत जास्त त्रास होतो, असं मी पाहत आले आहे. शिक्षक, नर्स, बस चालवणारे, स्टेशनवर काम केलेले, सगळेच. त्यांना आळस नसतो. कुणीतरी वाट पाहत असताना काम करायची सवय असते, आणि ती वाट पाहणारी माणसंच नाहीशी होतात.

इथे मला तुमच्या तिसऱ्या धास्तीपाशी थांबायचं आहे, कारण सगळं पत्र तिच्याभोवती फिरतं आहे असं मला वाटलं. मेट्रन हे नाव गेलं की मी कोण? आणि त्याचं उत्तर तुम्ही मनाशी ठरवूनही टाकलं आहे : लेखिका. एक पाटी काढायची आणि त्याच खिळ्यावर दुसरी लावायची. ताई, याबद्दल मला काळजी वाटते. मेट्रन व्हायला तुम्हाला पंचवीस-सव्वीस वर्षं लागली. लिहिण्यात तुम्ही पुन्हा पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी असणार. संपादक महिनोन्‌महिने उत्तर देणार नाहीत. एखादा लेख परत येईल, एखादा आल्याचं कुणी कळवणारही नाही. हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं. पण आपण कोणीतरी आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुम्ही त्या लेखावर टाकली असेल, तर त्याच्या परत येण्याने लेखाबरोबर तुम्हीही नाकारल्या गेल्यासारखं वाटेल. मग दोन-तीन वेळा असं झालं की माणूस लिहिणं सोडतो. लिहिणं जमत नसतं म्हणून सोडतो असं नाही. ते दुखणं सोसवत नाही, म्हणून सोडतो.

त्यामुळे या दोन गरजा वेगळ्या करा. नाव जाईल, त्याची पोकळी जाणवेल; ती भरायला माणसांत राहा. नर्सिंगच्या मुलींना आठवड्यातून एक-दोन तास शिकवता येईल. घरी पडून असलेल्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी, अंथरुणावर कूस कशी बदलावी, जखम होऊ नये म्हणून काय पाहावं, हे नातेवाइकांना समजावून सांगणारं कुणी सहसा नसतं. तुम्ही ते डोळे मिटून सांगू शकता. तिथे तुम्हाला ‘सिस्टर’ म्हणणारे लोक भेटत राहतील आणि लिहिणाऱ्याला लागणारी माणसंही भेटतील. दिवसभर घरात एकटं बसून लिहायचं, हे ऐकायला छान वाटतं. बहुतेकांना ते सहन होत नाही.

आता तुमच्या पानाबद्दल. हे पान वाचताना मला मनापासून आनंद झाला, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर बोलते.

पहिल्या परिच्छेदात तुम्ही लिहिलं आहे : ‘रुग्णसेवा हे एक असिधाराव्रत असून या पवित्र क्षेत्रात पदार्पण करताना माझे अंतःकरण भरून आले होते.’ असं बरंच आहे. मग मध्येच हे येतं : ‘अकरा नंबरच्या आजोबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, हा सांभाळा, मुलगा आला की त्याला द्या. एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला होता. मुलगा आला नाही. चष्मा पुष्कळ दिवस ड्रॉवरमध्ये, थर्मामीटरच्या डब्याशेजारी होता.’ आणि शेवटी : ‘समाजातून माणुसकी हरवत चालली आहे, हेच यावरून दिसून येते.’

आपली भाषा साहित्यिक नाही असं तुम्ही म्हणता. पहिल्या परिच्छेदातली भाषा फारच साहित्यिक आहे आणि ती तुमची नाही. ती समारंभातल्या भाषणांची आहे. चष्म्याची भाषा तुमची आहे. ती कुठून आली हेही कळतं. ड्यूटी बदलताना तुम्ही पुढच्या सिस्टरला जो रिपोर्ट देता, त्यात सजावटीला जागा नसते. रात्री झोप नाही, दोनदा पाणी मागितलं, पहाटे चारला शांत. तीन तुकड्यांत एक अख्खी रात्र येते. हे तुम्ही ३१ वर्षं रोज केलं आहे. लिहिण्याचं याहून चांगलं शिक्षण मला सांगता येणार नाही. लक्ष्मीबाई शाळेत शिकलेल्या नव्हत्या. त्यांनी लिहिलं ते बोलल्यासारखं, आणि म्हणूनच आजही वाचताना ते जुनं वाटत नाही.

शेवटच्या वाक्याबद्दल मात्र थोडी भांडणार आहे. मुलगा का आला नाही, हे तुम्हाला माहीत होतं का? पानावरून तरी तसं दिसत नाही. तो परगावी असेल, आजारी असेल, बापलेकांत काही झालं असेल, निरोपच पोचला नसेल. मग माणुसकी हरवली हा निकाल कशाच्या आधारावर? ते वाक्य आलं आणि गोष्ट तिथेच मिटली. ते काढून टाका आणि त्याऐवजी जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते लिहा. आजोबांनी चष्मा तुमच्याच हातात का दिला? चष्मा काढल्यावर त्यांना काय दिसत होतं? ड्रॉवर आवरताना त्याला कोणी हात लावत असे की सगळ्या जणी टाळत होत्या? शेवटी तो तिथून कोणी काढला? काही आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंच लिहा. ते पान दुप्पट होईल, आणि त्यात एकही उपदेश नसेल.

निवृत्तीनंतर लिहू पाहणाऱ्या पुष्कळ वाचकांसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. नोकरीत मोठ्या पदावर गेलेल्या माणसाला निष्कर्ष काढायची सवय लागते. अहवालात शेवटी तो लागतोच. पण वाचकाला तुमचा अभिप्राय नको असतो. तुम्ही तिथे होता आणि तो नव्हता, म्हणून त्याला तिथलं पाहायचं असतं. जन्मापासून निवृत्तीपर्यंत ओळीने आत्मचरित्र लिहायला घेऊ नका, असं सांगण्याचं कारणही हेच. बहुतेक आत्मचरित्रं शाळेच्या प्रकरणापाशीच थांबतात. एक वस्तू घ्या, एक रात्र घ्या, एक माणूस घ्या. अशी वीस-पंचवीस पानं झाली की त्यांचं काय करायचं ते आपोआप दिसू लागतं.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट कडकपणे सांगायला हवी. तुमच्याकडे आहे ती सामग्री दुसऱ्यांच्या दुखण्याची आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे आणि रुग्णाची खासगी माहिती जपणं ही ती नर्सची जबाबदारी मानते. निवृत्त झाल्याने ती जबाबदारी संपते, असं समजू नका. नाव बदललं म्हणजे झालं, असंही नाही. आजार, वय, व्यवसाय, कोणत्या वर्षी, कोणत्या वॉर्डात, एवढं जुळलं की घरचे लोक ओळखतात. आपल्या वडिलांचे शेवटचे दिवस अनोळखी पुस्तकात वाचणं काय असतं, याचा विचार करा. म्हणून तपशील खरोखर बदला, दोन-तीन माणसांचं मिळून एक माणूस करा, किंवा सरळ कथा लिहा आणि तसं सांगा. एखादी हकिकत बदलली तर तिचा प्राणच जातो असं वाटत असेल, तर त्या घरच्यांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर ती लिहू नका. केसपेपर किंवा रजिस्टरची नक्कल घरी आणू नका. आणि नोकरीत असेपर्यंत काही छापायला देण्याआधी तुमच्या सेवानियमांत परवानगीची अट आहे का, ते आस्थापना विभागात विचारून घ्या.

प्रकाशकाबद्दल थोडक्यात. स्वतःच्या पैशाने पुस्तक काढण्यात कमीपणा काही नाही. कितीतरी चांगली पुस्तकं तशी निघाली आहेत. पण ज्याला पैसे तुमच्याकडूनच मिळणार आहेत, त्याला पुस्तक विकण्याची घाई नसते. तुमचं पुस्तक अजून लिहूनच झालेलं नाही आणि त्याने ते काढायची तयारी दाखवली, यावरून काय ते समजा. आत्ता काहीही भरू नका. पुढे कधी वेळ आली तर किती प्रती छापणार, उरलेल्या कुणाच्या, विक्रीचा हिशेब कधी मिळणार आणि लेखनाचा हक्क कुणाकडे राहणार, हे करारात लिहून घ्या. लेखनाचा हक्क स्वतःकडेच ठेवा. निवृत्तीच्या वेळी हातात मोठी रक्कम येते, तेव्हा असे प्रस्ताव जास्त येतात.

मुलीशी आत्ताच बोला. हे टाळलंत तर वरचं सगळं वाया जाईल. निवृत्त बाईचा वेळ घरात सगळ्यांना मोकळाच दिसतो, आणि ‘आई लिहिते आहे’ हे वाक्य कुणालाही काम वाटत नाही. मुलीला नाही म्हणा असं मी म्हणत नाही. नातवंडाबरोबरचा वेळ तुम्हालाही हवा आहे, हे पत्रातून जाणवतं. पण ‘बघू’ म्हणू नका. कोणते दिवस, किती वाजेपर्यंत, आणि तिच्या अडीअडचणीला दुसरं कोण, हे ती कामावर रुजू होण्याआधी ठरवा. नोकरी चालू असताना ही बोलणी सोपी असतात. एकदा तुम्ही घरी बसलात की ती बोलणी उरत नाहीत. सरळ व्यवस्थाच लागून जाते.

तर राजीनामा? आज देऊ नका. सहा महिने असं करून पाहा. आठवड्यातून चार दिवस, दर वेळी तीनशे शब्द. तुमच्या हस्ताक्षरात ते साधारण दोन पानं होतील. ड्यूटी सकाळी आठची आहे आणि संध्याकाळी तुम्ही थकून येता, तेव्हा मला वाटतं सकाळचा अर्धा-पाऊण तास बरा; पण हे तुमचं तुम्ही ठरवा. नवऱ्याला सांगा की त्या वेळात चहापासून फोनपर्यंत सगळं त्यांच्याकडे. ‘कळ काढ’ म्हणणाऱ्या माणसाने एवढं केलं पाहिजे. लिहिलेलं कुणाला दाखवू नका, निदान पहिले तीन महिने. नंतर एकाच अशा व्यक्तीला दाखवा जी तुमच्या हाताखाली काम करत नाही. हाताखालच्या मुली छानच म्हणणार. हा हिशेब वर्षभर चालला तर साठ हजार शब्द होतात, म्हणजे बऱ्यापैकी पुस्तकाएवढा मजकूर, आणि तोही नोकरी न सोडता.

सहा महिन्यांनंतर शिल्लक रजेतले तीन-चार आठवडे सलग घ्या आणि निवृत्त झाल्यासारखं राहून पाहा. त्यात आठवड्याला चार दिवसांच्या जागी पाच-सहा दिवस होतात, की चाराचे दोन होतात, ते दिसेल. वाढले, तर लवकर सुटण्याचा विचार करायला आधार आहे. घटले, तर उरलेली दोन वर्षं नोकरी आणि लिहिणं दोन्ही चालू द्या; त्या दोन वर्षांत वॉर्ड रोज समोर असेल आणि एकदा बाहेर पडलात की तो तसा पुन्हा दिसणार नाही. दरम्यान स्वेच्छानिवृत्तीने निवृत्तिवेतन किती कमी होतं, उपदानावर (ग्रॅच्युइटीवर) काय परिणाम होतो आणि वैद्यकीय सवलती कोणत्या राहतात, याचा लेखी हिशेब कार्यालयातून मागवून घ्या. तोंडी सांगितलेल्या आकड्यांवर विसंबू नका.

एक शक्यता मात्र वेगळी ठेवते. पत्राच्या शेवटच्या पानावर, सहीच्या अगदी वर, तुम्ही लिहिलं आहे की गुडघे आता वॉर्डची फेरी सोसत नाहीत आणि रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. ते वाक्य बाकी पत्रात कुठेच पुढे आलेलं नाही. ताई, आधी डॉक्टरांना दाखवा. रोज रुग्णांना जे सांगता ते स्वतःसाठी करा. आणि तुम्ही खरोखर थकला असाल, शरीर नको म्हणत असेल, तर सहा महिने थांबायचीही गरज नाही. हिशेब हातात आला की अर्ज द्या. थकल्यामुळे नोकरी सोडणं हे पुरेसं कारण आहे. घरी, कार्यालयात आणि स्वतःशीही तेच कारण सांगा. त्यासाठी पुस्तकाचं वचन द्यावं लागत नाही.